'मामा' : ध्वनीचे साम्य आणि अर्थाचा इतिहास

जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील. आईला तेथे 'देदा' म्हणतात. मध्य ऑस्ट्रेलियातील पिट्जंट्जाट्जारा भाषेतही 'मामा' हा वडिलांचाच वाचक आहे. चिनी, स्वाहिली आणि दक्षिण अमेरिकेतील केचुआ या परस्परांशी काहीही नाते नसलेल्या भाषांत, स्वरांच्या ऱ्हस्वदीर्घाचा भेद सोडला तर, हाच शब्द आईला लावतात. मराठीत तो आईचा भाऊ.

अशी यादी हाती आली की आपल्याकडे दोनपैकी एक गोष्ट हटकून घडते. व्युत्पत्तीचा हौशी अभ्यासक 'मामक', म्हणजे 'माझा', या संस्कृत शब्दाकडे धाव घेतो आणि जगभरचे 'मामा' तेथूनच निघाले असे ठरवतो. चिन्हमीमांसेचा विद्यार्थी हाच शब्द सोस्यूर यांच्या यादृच्छिकतेच्या सिद्धान्ताविरुद्ध पुरावा म्हणून पुढे करतो. या दोन भूमिका परस्परांपासून कितीही दूर वाटल्या तरी त्यांच्यातील चूक एकच आहे : ध्वनीचा उगम आणि अर्थाचा उगम एकाच ठिकाणी असला पाहिजे, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते.

ध्वनीच्या उगमाचा उलगडा रोमान याकबसन यांच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाने बव्हंशी केला आहे. जॉर्ज मर्डॉक यांनी जमवलेले १०७२ शब्द त्यांच्यापुढे होते. ५३१ आईचे, ५४१ वडिलांचे. आईच्या शब्दांपैकी ५५ टक्के शब्द अनुनासिक व्यंजनांच्या वर्गात मोडतात, वडिलांच्या शब्दांपैकी केवळ १५ टक्के. स्तनपान करताना मुलाचे ओठ मिटलेले असतात आणि आवाजाला वाट असते ती नाकाचीच. पुढे अन्न दिसले, किंवा हवेसे झाले, की तोच गुणगुणता ध्वनी उमटतो. मागणी बहुधा आईकडेच असल्यामुळे तो तिचे नाव होतो. लॅटिनमध्ये 'माम्मा' म्हणजे स्तनही आणि आईही. जपानी बाळबोलीतील 'मम्मा' म्हणजे खाऊ, आणि आपले 'मंमं' त्याहून वेगळे नाही. येथे कोणी कोणाकडून उसने घेतलेले नाही.

परंतु हे विवेचन जॉर्जियन बापापाशी अडते, आणि मराठी मामापाशी तर अधिकच. मुलाच्या तोंडचा ध्वनी नैसर्गिक असेल. तो कोणाचे नाव म्हणून ऐकायचा हे मात्र भोवतीची मोठी माणसे ठरवतात, आणि ती ठरवतात आपल्या नात्यांच्या व्यवस्थेतून. यादृच्छिकता संपते असे वाटते तेथेच ती पुन्हा सुरू होते.

मराठीतील व्यवस्था पाहण्यासारखी आहे. आईच्या भावाचा संस्कृत शब्द 'मातुल'. त्याचा वंशज 'मावळा' मराठीत होता, 'मामा'पुढे तो मागे पडला. पण 'मातुलानी', म्हणजे मातुलाची बायको, हिच्यापासून आलेली 'मावळण' ग्रामीण बोलीत टिकली आणि अर्थाने झाली आत्या! मामी आणि आत्या एकच कशी? मामाच्या आणि आत्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक होते तेथे ती एक असू शकते. कन्नड 'अत्ते' आत्याही असते आणि सासूही. तमिळ 'मामा' आईचा भाऊही आणि सासराही. आत्याच्या घरी दिलेली मराठी मुलगी सासूला 'आत्याबाई' म्हणते, सासऱ्याला 'मामंजी'. इरावती कर्वे यांनी १९५३ मधील आपल्या नातेव्यवस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्यामधल्या विभागात ठेवला, तो याच कारणांनी. शब्द बव्हंशी उत्तरेचे, पण त्यांच्या अर्थांची मांडणी दक्षिणेच्या वळणाची.

'मामक'ची व्युत्पत्ती येथे काहीच सांगत नाही. संस्कृत कोशांत 'मामक'चा मामा असा अर्थ मिळतो हे खरे. पण बोलीतल्या शब्दाला पंडितांनी नेसवलेले ते सोवळे असावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. 'माझा' तर बापही असतो. आईच्या भावालाच 'माझा' का म्हणावे, या प्रश्नाला व्याकरणात उत्तर नाही.

ज्या घरांत मामाच्या मुलीशी विवाह कधीच होत नाही, तेथेही सून सासऱ्याला 'मामंजी' म्हणत आली आहे. प्रथा नाही, तिचे संबोधन मात्र आहे. आणि त्याच घरातले मूल भूक लागली की 'मंमं' म्हणते, तेव्हा त्याने मामाला हाक मारली असे कोणालाच वाटत नाही.