कृतिसंशोधन: तपासायचं कोणाला?

बी.एड. केलेल्या प्रत्येकाला 'कृतिसंशोधन' हा शब्द पाठ असतो. कल्पना साधी आहे. शिक्षकाने स्वतःच्या वर्गातला एक प्रश्न घ्यायचा, त्यावर काही करून पाहायचं, काय झालं ते नोंदवायचं आणि त्यावरून आपलं शिकवणं बदलायचं. आता ही कल्पना महाविद्यालयांत आणि विद्यापीठांतही आली आहे. प्राध्यापक आपल्या वर्गावर निबंध लिहू लागले आहेत. याचं स्वागतच करायला हवं. पण आमचं म्हणणं असं, की ती ज्या साच्यात आली आहे, त्या साच्यात शिक्षक सोडून बाकी सगळ्यांची तपासणी होते.

या निबंधांची शीर्षकं पाहा. 'प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना अमुक विषयात येणाऱ्या अडचणींचा शोध व उपाययोजना.' या वाक्यात अडचण कोणाची? विद्यार्थ्यांची. उपाय कोणाकडे? शिक्षकाकडे. संशोधन सुरू होण्याआधीच निकाल लागलेला आहे. 'माझ्या शिकवण्यामुळे विद्यार्थ्यांना येणाऱ्या अडचणी' असं शीर्षक तुम्ही कधी वाचलंय? आम्ही तरी नाही.

मग पद्धत. पूर्वचाचणी घ्यायची, कमी गुण मिळालेली मुलं निवडायची, त्यांना तीन आठवडे काहीतरी वेगळं शिकवायचं, उत्तरचाचणी घ्यायची, टी-मूल्य काढायचं. निष्कर्ष: उपक्रम परिणामकारक ठरला. आता यात काय बिघडलं ते बघा. एखाद्या दिवशी सर्वांत कमी गुण पडलेल्यांची पुन्हा परीक्षा घेतली, तर काहीही न शिकवता त्यांची सरासरी थोडी वर येते. कारण त्यांतल्या काहींचा तो दिवसच वाईट होता. त्यात प्रश्न तेच किंवा तसलेच. शिवाय उपाय करणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा माणूस एकच. अशा व्यवस्थेत अपयश यायलाच जागा नाही. आणि जिथे चूक ठरण्याची शक्यता नाही, तिथे शोध कसला?

मुळात ही गोष्ट अशी नव्हती. 'अॅक्शन रिसर्च' ही संज्ञा रुळवली ती कर्ट लेविन यांनी, 1946 साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखाने. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात वांशिक आणि धार्मिक पूर्वग्रहांविरुद्ध काम करणाऱ्यांसाठी त्यांनी एक शिबिर घेतलं. दिवसभर चर्चा व्हायच्या आणि संध्याकाळी संशोधक आपापली निरीक्षणं मांडायचे. काही शिबिरार्थींनी त्या बैठकीला बसायची परवानगी मागितली. तिथे एका बाईंनी त्यांच्या वागण्याचं निरीक्षकाने केलेलं वर्णन ऐकलं आणि हरकत घेतली, असं नव्हतं म्हणून. लेविन यांनी त्यांना गप्प बसवलं नाही. उलट पुढचं शिकणं त्या वादातूनच झालं. ज्याच्यावर अभ्यास चाललाय, तो उठून 'तुमचं चुकतंय' म्हणू शकतो, ही कृतिसंशोधनाची खरी खूण आहे. आपल्या निबंधांत विद्यार्थी असा बोलतो का? तो सारणीतला एक आकडा असतो.

विद्यापीठातलं एक उदाहरण घेऊ. एरिक माझूर हे हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवत. विद्यार्थ्यांचे अभिप्राय उत्तम, परीक्षेत मुलं अवघड गणितं सोडवत. मग त्यांनी अॅरिझोनातल्या संशोधकांची एक चाचणी वाचली. त्यात गणित नाही, साध्या भाषेतले प्रश्न. अवजड ट्रक आणि छोटी मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर जास्त बल लावतं? न्यूटनचा तिसरा नियम सर्वांना पाठ, म्हणजे उत्तर 'सारखंच' यायला हवं. माझूर यांना वाटलं, आपल्या मुलांना हे फारच सोपं जाईल. तसं झालं नाही. एका विद्यार्थिनीने तर विचारलं, की उत्तर तुम्ही शिकवलंय तसं लिहू की मला वाटतं तसं?

इथे दोन वाटा होत्या. 'विद्यार्थ्यांना येणाऱ्या अडचणी' असं शीर्षक देऊन निबंध लिहिता आला असता. माझूर यांनी दुसरी वाट धरली. आपलं व्याख्यानच तपासायला घेतलं. वर्गात प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी स्वतः उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. नुकतंच समजलेल्या मुलाला आपण कुठे अडलो होतो ते आठवत असतं. प्राध्यापक ते कधीच विसरलेला असतो. 1991 साली ही पद्धत सुरू झाली, तेव्हा आधीच्या वर्षाच्या तुलनेत त्या चाचणीतली वाढ जवळपास दुप्पट झाली. पण आम्हाला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की चाचणी दुसऱ्यांनी तयार केलेली होती आणि मोजणी तीन आठवड्यांत न संपता दहा वर्षं चालली. याला हार्वर्डचा पैसा लागतो, असंही नाही. हात वर करून किंवा पुठ्ठ्याची कार्डं दाखवून एकशेवीस मुलांच्या वर्गातही हे होतं.

आता आपल्याकडची अडचण. अंतर्गत गुण ज्याच्या हातात, त्याच्याच तोंडावर विद्यार्थी 'सर, कळलं नाही' कसा म्हणणार? इंग्लंडमध्ये 1970च्या दशकात जॉन एलियट आणि क्लेम एडलमन यांनी शाळाशिक्षकांबरोबर फोर्ड टीचिंग प्रोजेक्ट चालवला. त्यात एकाच तासाची तीन वर्णनं जमवत: शिक्षकाचं, मुलांचं आणि बाहेरून आलेल्या निरीक्षकाचं. ती जिथे जुळत नाहीत, तिथून चर्चा सुरू. आपल्याकडे शेजारच्या विभागातल्या सहकाऱ्याने एक तास मागच्या बाकावर बसणं सहज शक्य आहे. पण ते होत नाही, कारण आपल्याकडे तास बघायला येणं म्हणजे तपासणी.

आणि यात सगळा दोष शिक्षकाचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010च्या विनियमांनी एपीआयचे गुण मोजायची सवय लावली. निबंध छापला की गुण मिळतात. शिकवणं सुधारलं का, हे कोण विचारतो? त्यात महाराष्ट्रातल्या कितीतरी वर्गांत शिकवणारे तासिका तत्त्वावर आहेत. नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती. नियोजन, कृती, निरीक्षण, चिंतन आणि पुन्हा नियोजन, हे चक्र दुसऱ्यांदा फिरवायला पुढच्या वर्षी तो माणूस त्या वर्गात असेल याची खात्री नाही. 'माझा प्रयोग फसला' असं लिहून पुन्हा मुलाखतीला जायची हिंमत त्याने कुठून आणायची? म्हणून कृतिसंशोधनाची सक्ती करण्याआधी फसलेला प्रयोग छापता येईल आणि त्यापायी नोकरी जाणार नाही, एवढी हमी द्या. ती नसेल, तर उपक्रम परिणामकारक ठरतच राहतील आणि मागच्या बाकावरच्या मुलाला काल कळलं नव्हतं ते उद्याही कळणार नाही.

तोवर ज्यांच्या पायाखाली कायम नोकरीची जमीन आहे, त्यांनी सुरुवात करावी. या सत्रात एकच प्रश्न निवडा, पण असा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर ठाऊक नाही आणि जे तुमच्या विरुद्धही जाऊ शकतं. आमचं बोलणं इथे थांबवतो. आता तुम्ही विचारा, आणि हरकतीपासून सुरुवात केलीत तर उत्तमच.