डोळेझाक की आंधळेपण?

श्री. वि. वर्तक यांचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक ‘नाट्यमन्वंतर’ने 1933 साली मुंबईत रंगभूमीवर आणले. ब्यर्नसनच्या नाटकावरून घेतलेले त्याचे कथानक स्त्रीच्या आणि पुरुषाच्या शीलाला समाज लावतो त्या दोन निरनिराळ्या मापांचे आहे. मराठी रंगभूमीच्या इतिहासातील या नाटकाचे मोल मी मुळीच कमी लेखीत नाही. माझा आक्षेप आहे तो केवळ नावाला.

त्या वेळी मुंबईत खरीखुरी अंधांची शाळा होतीच. ॲना मिलार्ड यांनी ती 1900 साली सुरू केली होती. नाटकातल्या समाजाला मात्र चांगले दिसत होते. त्याला पाहायचेच नव्हते! अशा वागण्याला मराठीत ‘डोळेझाक’ असा नेमका शब्द आहे. आंधळेपण माणसाच्या वाट्याला येते. डोळेझाक तो स्वतः करतो. म्हणून तिचा जाब विचारता येतो. डोळस अपराध्याला आंधळा म्हटले, की अपराधी सुटतो आणि निरपराध्याच्या कपाळी डाग लागतो.

आपल्या म्हणी याच तऱ्हेने तपासून पाहाव्यात. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’. इथे राबणारा कोण आणि फुकट खाणारा कोण? हसू मात्र राबणाऱ्याचे! ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ म्हणताना पायाचा आणि शहाणपणाचा संबंध कोणी जुळवला? वर्गात लक्ष नसलेल्या मुलाला मास्तर ‘बहिरा आहेस का?’ म्हणून दरडावतात. त्याच बाकावर खरोखर कमी ऐकू येणारे मूल बसलेले असले, तर आपले व्यंग ही एक शिवी आहे एवढाच धडा ते घरी नेते.

कोणी म्हणेल, एवढे सोवळे पाळले तर भाषेतली गंमत जाईल. तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये चित्रपटांविषयी निर्णय देताना, अपंगत्व समजावून देणारा विनोद आणि अपंगाला हिणवणारा विनोद असा भेद केलाच आहे. तोच भेद घरातही करावा. नुसते ‘दिव्यांग’ म्हणून भागत नाही. नाव नवे आणि टोमणा जुना, असे होऊ नये. ‘लंगडी सबब’ऐवजी ‘फुसकी सबब’ म्हणावे. ती अधिक झोंबते, आणि ज्याला झोंबायची त्यालाच झोंबते.