झुंजीपूर्वीचे प्रकरण

मराठीत युद्धवर्णनांची वानवा नाही. बखरी, पोवाडे, नाटके, कादंबऱ्या यांतून समशेरींचा खणखणाट पुरेसा ऐकू येतो. परंतु समशेर म्यानातून काढावी की न काढावी हे ज्याने ठरवावयाचे, त्या पुरुषाच्या मनाचा आणि त्याच्या भोवतालच्या मसलतीचा शोध आपल्या लेखकांनी कितपत घेतला, असे विचारले तर उत्तर फारसे समाधानकारक येत नाही. ग्रंथांची नावेच पाहावीत. विश्वास पाटलांच्या कादंबरीचे नाव रणभूमीचे, ‘पानिपत’ (१९८८). यशवंतराव होळकरांवरील ना. सं. इनामदारांच्या कादंबरीचे नाव ‘झुंज’ (१९६६). नावावरून ग्रंथाची परीक्षा करू नये हे मान्य. पण वाचकाचे डोळे कोठे लागलेले असतात ते त्यावरून कळते.

‘भाऊसाहेबांची बखर’ हा या बाबतीत सन्माननीय अपवाद होय. तिच्यातील तपशील इतिहासाच्या कसोटीस अनेक ठिकाणी उतरत नाहीत, हे अभ्यासकांनी दाखविलेच आहे. तथापि युद्धाचा निर्णय माणसे कशी घेतात हे बखरकारास जितके उमगले होते, तितके पुढे फार थोड्यांना उमगले. नजीबखानास समूळ मोडू नये, तो मोडल्यास पेशवे आपणां सरदारांस धोतरे बडवावयास लावतील, अशा आशयाचा सल्ला बखरीतले मल्हारराव दत्ताजी शिंद्यांना देतात. शत्रू समोर असता सरदाराचे लक्ष धन्याकडे आहे! पुढे सूरजमल जाट व मल्हारराव जड तोफा आणि बुणगे मागे ठेवून गनिमी काव्याने लढण्याचे सुचवितात, आणि भाऊ ते झिडकारतात. बखरकार याचे खापर भाऊंच्या अभिमानावर फोडतो. शेजवलकरांनी भाऊंची बाजू समर्थपणे मांडली आहे आणि मला ती बव्हंशी पटते. परंतु कलेच्या दृष्टीने बखरकाराची जागा अचूक आहे, कारण निर्णय अजून बदलता येईल अशा घटकेला त्याने वाचकास मसलतीत नेऊन बसविले. १३ जानेवारी १७६१ च्या रात्री उपाशी सरदार भाऊंपाशी आले तेव्हा ठरवावयाचे असे काही उरलेच नव्हते. तिथे करुणरस आहे; निर्णय नाही.

आता इंदूरकडे वळू. स्नेहसंमेलनांतून यशवंतरावांवरील नाट्यप्रवेश मी कितीदा पाहिले असतील! पडदा वर जातो तो १८०४ सालात. मॉन्सनची मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत झालेली दैना ऐकून टाळ्या पडतात. मीही त्या वाजविल्या आहेत. एकदा नववीतल्या एका मुलाने प्रयोगानंतर विचारले, “सर, आदल्या वर्षी असईची लढाई झाली तेव्हा महाराज कोठे होते?” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्या मुलाने नेमके न लिहिलेले प्रकरण हेरले होते.

महाराज माळव्यात होते. शिंदे व नागपूरकर भोसले त्यांस इंग्रजांविरुद्ध बोलावीत होते. ते गेले नाहीत. असई, लासवारी, अडगाव ही रणे एकामागून एक गेली आणि १८०३ च्या डिसेंबरात देवगाव व सुर्जी-अंजनगावचे तह झाले. न जाण्याची कारणे क्षुद्र नव्हती. १८०१ साली बंधू विठोजींस पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले होते. त्याच वर्षी शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले होते. शिवाय, होळकरांस तूर्त गोडीने वळवून घ्यावे, युद्ध आटोपल्यावर त्यांचा समाचार घेता येईल, अशा अर्थाचे दौलतरावांनी बाजीरावास लिहिलेले पत्र इंग्रजांच्या हाती लागून त्यांनी ते यशवंतरावांकडे पोचते केले, असे इतिहासग्रंथांत नमूद आहे. शत्रूने मित्राचे कपट मित्राच्याच अक्षरात दाखवावे, यापेक्षा भेदक प्रसंग नाटककारास कोणता हवा?

वर्ष उलटते आणि तोच पुरुष एकट्याने युद्धात उतरतो. लेखक येथे स्वाभिमान जागा झाला असे लिहून मोकळे होतात. स्वाभिमान होताच, तो आदल्या वर्षी निजला होता की काय? फौजेचा पगार थकलेला, माळवा ओरबाडून झालेला, आणि डिसेंबर १८०३ मध्ये जयपुराने इंग्रजांशी तह केल्यामुळे तिकडील खंडणीची वाटही बंद झालेली. अशी फौज घरी बसविता येत नाही. चौथाईच्या मागण्या लेककडे गेल्या त्या या पेचातून, आणि एप्रिल १८०४ मध्ये इंग्रजांनी युद्ध पुकारले. हे सांगितल्याने महाराजांची थोरवी उणी होते असे ज्यांना वाटते, त्यांना थोरवी फारच नाजूक वाटत असली पाहिजे.

आपले लेखक द्वेषाला किंवा अभिमानाला निर्णयाचे कर्तेपण देतात, कारण ती एका वाक्यात सांगता येतात. पगाराची थकबाकी, संशय, वाट पाहणे यांना पाने लागतात. शिवाय ‘न लढणे’ ही कृती आहे, हेच आपल्या कथनपरंपरेस मान्य नाही. आणि आम्हां इंदूरकरांस तर १८०३ विषयी बोलणे थोडे जडच जाते.

असईची लढाई दसऱ्याच्या आगेमागे झाली. मराठी फौजांनी सीमोल्लंघन करावयाचे ते दिवस. माळव्याच्या छावणीत तयार फौज, दक्षिणेतून येणाऱ्या बातम्या, हाती ते पत्र, आणि कूच नाही. हे प्रकरण आपल्या एखाद्या कादंबरीकाराने लिहिले, तर त्या नववीतल्या मुलाला द्यावयास माझ्याजवळ निदान एक पुस्तक असेल.