अतिध्रुवित वायू आणि फुप्फुसाचे चित्रण : एका नामकरणाची चिकित्सा

फुप्फुसाच्या चुंबकीय अनुस्पंदन-चित्रणात वापरल्या जाणाऱ्या अतिध्रुवित वायूंना 'कॉन्ट्रास्ट द्रव्ये' म्हणण्याची रूढी पडली आहे. औषध-मान्यतेच्या कागदपत्रांतही हेच नाव आढळते. नाव सोयीचे खरे. परंतु ते यथार्थ नाही, आणि त्यामुळे या पद्धतीचे सामर्थ्य व तिच्या मर्यादा ही दोन्ही झाकली जातात, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

नेहमीचे कॉन्ट्रास्ट द्रव्य, उदाहरणार्थ गॅडोलिनियमचे संयुग, चित्रात स्वतः उमटत नाही. सभोवारच्या पाण्यातील प्रोटॉनांचे शिथिलन ते त्वरेने घडवून आणते, एवढेच. फुप्फुसात मुळातच पाणी थोडे; शिवाय हवा आणि ऊतक यांच्या असंख्य सीमांमुळे मिळणारा संकेत एक-दोन सहस्रांश सेकंदांत विरून जातो. म्हणून सामान्य चित्रात फुप्फुस काळेच दिसते. अतिध्रुवित वायूचा मार्ग निराळा आहे. तेथे साक्ष पाण्याची नसून वायूच्या अणुकेंद्राचीच असते. १.५ टेस्ला क्षेत्रात, शरीराच्या तापमानाला, प्रोटॉनांचे ध्रुवण दहा लाखांत सुमारे पाच एवढेच असते. रुबिडियमच्या बाष्पावर ७९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा वर्तुळ-ध्रुवित लेसर प्रकाश टाकून ते बाष्प ध्रुवित करावयाचे आणि टकरींद्वारा ते ध्रुवण झेनॉन-१२९ च्या केंद्रांकडे संक्रमित करावयाचे, या युक्तीने ते शेकडा दहा ते चाळीसपर्यंत नेता येते. वायूच्या विरलतेने होणारी हानी ही प्रचंड वाढ भरून काढते. या विद्येचे मूळ आल्फ्रेड कास्लर यांच्या प्रकाशीय पंपनात आहे. त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९९४ मध्ये 'नेचर'मध्ये उंदराच्या, शरीराबाहेर काढलेल्या फुप्फुसांचे झेनॉन-चित्र प्रसिद्ध झाले आणि दोनच वर्षांत माणसाच्या फुप्फुसांची हेलियम-३ ने घेतलेली चित्रे पुढे आली.

मात्र हे ध्रुवण नाशवंत आहे. प्रत्येक रेडिओ-स्पंद त्याचा काही अंश खर्च करतो आणि खर्ची पडलेले परत मिळत नाही. फुप्फुसातील प्राणवायूच्या सान्निध्यात ते सुमारे वीस सेकंदांतच बरेचसे ओसरते. अर्थात सारे काम एका रोखलेल्या श्वासात, दहा-पंधरा सेकंदांत, उरकावे लागते. शिरेतून टोचून तासभर निवांत चित्रे घ्यावीत, असे हे द्रव्य नव्हे.

हेलियम-३ ट्रिटियमच्या क्षयातून मिळतो. २००८-०९ च्या सुमारास त्याची तीव्र टंचाई भासली आणि संशोधक झेनॉनकडे वळले. झेनॉन हा केवळ दुय्यम पर्याय मानणे मात्र चुकीचे ठरेल. तो रक्तात विरघळतो, हाच त्याचा गुण. पटलातील ऊतकात व रक्तद्रवात विरघळलेला झेनॉन वायुरूप झेनॉनपासून दहा लाखांत सुमारे १९७ भाग सरकलेला, तर तांबड्या पेशींतील झेनॉन सुमारे २१७ भाग सरकलेला दिसतो. हे रासायनिक सृति-अंतर होय. १९५१ मध्ये आर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी एथिल अल्कोहोलच्या तीन रेषा वेगळ्या करून त्याचे महत्त्व दाखविले. त्यांपैकी एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाची प्रयोगशाळा उभारली. वायू कोठे पोहोचला एवढेच नव्हे, तर तो रक्तात उतरला काय, हे सांगण्याचे सामर्थ्य झेनॉनला याच तत्त्वाने लाभले आहे.

आणि येथेच आमचा मुख्य आक्षेप आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने झेनॉन-१२९ ला दिलेली मान्यता बारा वर्षांवरील व्यक्तींच्या फुप्फुसांतील वायुवीजन तपासण्यापुरती होती. वायू-विनिमयाचे मापन तीत नव्हते. वायुवीजनाच्या चित्रातील काळे ठिगळ लक्षवेधी असते खरे. परंतु वयपरत्वे निरोगी माणसांतही अशी ठिगळे आढळतात. ठिगळ दिसणे आणि रोग ठरणे यांत अंतर आहे. उलट, ऑक्सफर्डच्या २०२१ मधील एका छोट्या अभ्यासात कोविडनंतर दम लागणाऱ्या रुग्णांची सीटी चित्रे जवळजवळ निर्दोष असूनही झेनॉनचे रक्तात उतरणे मंदावलेले दिसले. पद्धतीचे खरे मोल अशा ठिकाणी आहे.

वायू रक्तात उतरतो काय, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी, चित्राविना, विचारला गेला आहे. महाडहून वरंध घाटाकडे जाताना बिरवाडी लागते. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकात लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण पाहिले. वायुकोशांत पाणी भरून ते दगावत. नाडी, रक्तदाब व छातीचे आवाज यांच्या सततच्या निरीक्षणातून त्यांनी आल्फा-ग्राहींच्या अतिउद्दीपनाकडे बोट दाखविले आणि प्राझोसिनचा उपचार १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडला. त्या रुग्णाला उताणे निजवून पंधरा सेकंद श्वास रोखावयास सांगणे अशक्यच! वायू ध्रुवित करणारे यंत्रही वापराच्या जागीच असावे लागते. वरंधच्या खोऱ्यातून येणाऱ्या अशा रुग्णाला या चित्राचा उपयोग नाही. दमा, तंतुमयता यांसारख्या दीर्घकालीन विकारांत, जेथे रुग्ण स्थिर आहे आणि अन्य साधने मुकी आहेत, तेथे तो आहे.

सारांश, अतिध्रुवित झेनॉन हे चित्र उजळविणारे द्रव्य नसून मोजमापाचे साधन आहे. त्याची परीक्षा चित्राच्या रेखीवपणावरून न करता, वैद्याच्या कोणत्या प्रश्नाला ते उत्तर देते यावरून करावी. बिरवाडीत उपकरण तोकडे होते, पण प्रश्न नेमका होता. नव्या पद्धतीच्या अभ्यासकांनी तो क्रम उलटा होऊ देऊ नये.