मोजूनमापून आलेली हाक

अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरी 'स्लिंट' नावाचा एक वाद्यवृंद होता. त्यातील चौघे तरुण जेमतेम विशीतले. त्यांनी १९९० च्या ऑगस्टमध्ये शिकागोत 'स्पायडरलँड' ही सहा रचनांची ध्वनिमुद्रिका अवघ्या काही दिवसांत मुद्रित केली. मार्च १९९१ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा वृंद विखुरलेला होता. 'मॅथ रॉक' आणि 'पोस्ट-रॉक' या दोन प्रवाहांचा उगम शोधणारे रसिक आज या मुद्रिकेपाशी हमखास येऊन थांबतात.

नावातल्या गणिताने बिचकू नये. रॉक संगीताची चाल बहुधा चार मात्रांची असते. येथे ती पाच-सात अशा विषम मात्रांत फिरते. सात मात्रांचा रूपक ज्यांच्या कानांत मुरला आहे, त्यांना विषम मात्रांचे नवल नाही. फरक एवढाच की रूपकाचे आवर्तन समेवर येऊन विसावते, तर स्लिंटच्या संगीतात पाय टेकावा तोच पायरी सरकते. हे बुद्धीचे प्रदर्शन मात्र नव्हे. भ्यालेल्या माणसाची पावले अशीच पडतात. 'पोस्ट-रॉक'मध्ये वाद्ये रॉकचीच असतात, पण ती धृपदाच्या साथीसाठी नव्हे, तर वातावरण उभे करण्यासाठी योजलेली असतात.

या मुद्रिकेतील शब्द पुष्कळदा गायलेले नाहीत, पुटपुटलेले आहेत. 'डॉन, अमन' या रचनेत ड्रमदेखील नाहीत. मित्रमंडळींच्या मेळाव्यात एकटा पडलेला माणूस फक्त गिटारींच्या सोबतीने आपल्यापुढे येतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' या वृंदाची 'लव्हलेस' निघाली. ती 'शूगेझ' शैलीतली. पायांजवळच्या यंत्रांकडे नजर लावून वाजवणाऱ्यांना थट्टेने मिळालेले हे नाव! तेथे आवाज गिटारींच्या दाट थरांखाली लपतो. स्लिंटचा आवाज उघड्यावर असूनही स्वतःशीच बोलतो. संकोचाची ही दोन रूपे होत. पुढच्या पिढीतील अनेक तरुण वृंदांनी हे तिन्ही प्रवाह एकत्र आणले. परंतु त्यांतील पुष्कळांनी 'आधी हळू, मग प्रचंड' एवढी युक्तीच उचलली असे वाटते.

ती युक्ती अपुरी का, हे 'गुड मॉर्निंग, कॅप्टन' या अखेरच्या रचनेत कळते. (तिच्या आधीची 'फॉर डिनर' ही शब्दविरहित रचना मला जरा रेंगाळलेली वाटते.) कोलरिजच्या वृद्ध खलाशाच्या काव्याची छाया येथे स्पष्ट आहे. जहाज बुडाल्यावर एकटाच वाचलेला कप्तान एका दारावर थाप देतो. समोर येते ते एक लहान मूल. सुमारे साडेसात मिनिटांच्या या रचनेत कथन बराच वेळ दबलेल्या स्वरातच चालते. वाद्ये तेच वळण पुन्हा पुन्हा घेतात, थांबतात, परत सुरू होतात. आणि अगदी शेवटी मॅकमहन ओरडतो. शब्द अगदी साधे आहेत, दुरावलेल्या माणसाची आठवण सांगणारे. मुद्रिकाभर आवरून धरलेला कंठ तेथे फुटतो, म्हणून तो आक्रोश खरा वाटतो. आणि त्याचे उत्तर येण्याआधीच मुद्रिका संपते.