जुन्नर : नामव्युत्पत्ती आणि नगरेतिहास

‘जीर्णनगर’ ह्या शब्दापासून ‘जुन्नर’ हे नाव सिद्ध झाले, ही व्युत्पत्ती ध्वनिदृष्ट्या निर्दोष आहे. ‘जीर्ण’ शब्दातील ईकाराचा प्राकृतात उकार होतो, हे हेमचंद्राने नोंदविलेच आहे. मराठीतील ‘जुना’ हा शब्दही त्याच कुळातील होय. तथापि एवढ्यावरून ह्या नगराच्या प्राचीनतेचा निर्णय करणे युक्त नव्हे. कोणतेही नगर आपल्या भरभराटीच्या काळात स्वतःस ‘जीर्ण’ म्हणवून घेत नाही. हे नाव उत्तरकालीन दृष्टीचे द्योतक आहे. ते नगराचा आरंभ सांगत नाही.

केवळ नामसाम्यावर विसंबण्याचा परिणाम काय होतो, ह्याचे उदाहरण जुन्नरच्याच अभ्यासात आढळते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘त्रिगिरि’ ह्या कल्पित रूपातून ‘तगर’ हे नाव साधून प्राचीन तगर म्हणजेच जुन्नर, असे सुचविले होते. पुढे १९०१ मध्ये फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे प्रतिपादिले व तेच मत मान्य झाले. व्युत्पत्ती सुबक होती, परंतु स्थळ चुकले.

ह्याउलट लेण्यांतील कोरीव लेख नगराविषयी प्रत्यक्ष बोलतात. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख येथे आहे. बुरूड व कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. यवन दात्यांची नावे आहेत. मानमोडी येथील लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचे दान ४६ व्या वर्षाचे आहे. नाणेघाटाने किनाऱ्याशी जोडलेली ही पेठ कोणाच्या श्रमावर उभी होती, हे ह्या लेखांवरून कळते, नावावरून नव्हे.

नाणेघाटातील लेखांचे संपादन करणारे ब्यूलर हे ग्योटिंगेन विद्यापीठाचे पदवीधर होते. त्या विद्यापीठनगरीची कथाही ह्या संदर्भात उद्बोधक आहे. ९५३ च्या दानपत्रात ‘गुटिंगी’ असे जे नाव येते ते शेजारच्या एका जुन्या खेड्याचे. नगर त्यानंतर वसले आणि ज्या विद्यापीठामुळे त्याची कीर्ती झाली ते १७३७ मध्ये सुरू झाले. नावाचे वय व नगराचे वय ही दोन निरनिराळी प्रमेये आहेत.

सारांश, व्युत्पत्तिशास्त्राने इतिहासास साहाय्य करावे. त्याची जागा घेऊ नये. जुन्नरच्या नगरेतिहासाचा आरंभ शब्दकोशात नव्हे, तर शिलालेखांत शोधला पाहिजे.