ययातीचे राज्य

ययातीची कथा आधुनिक भारतीय साहित्यात प्रामुख्याने अतृप्त भोगाची कथा म्हणून वाचली गेली आहे. हे वाचन चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. महाभारताच्या आदिपर्वातील ययाति हा केवळ कामातुर पुरुष नसून राजा आहे. त्याच्या हाती राज्य आहे आणि ते केव्हा तरी कोणाच्या तरी हाती सोपवावयाचे आहे. ही गोष्ट दृष्टीआड केली की कथेचा अर्धा अर्थ निसटतो. आणि आजच्या वाचकाला अधिक निकटचा वाटावा, असा तो अर्धा आहे.

मूळ कथेतील व्यवहार स्पष्ट आहे. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली जरा प्राप्त होते. ती दुसऱ्यास देता येईल, अशी सवलतही मिळते. मात्र जो पुत्र आपले तारुण्य देईल त्यालाच राज्य मिळावे, हेही त्याच वेळी ठरते. यदु, तुर्वसु, द्रुह्यु आणि अनु नकार देतात व शापाचे धनी होतात. यदूच्या संततीला राज्य मिळणार नाही, असे ययाति त्याला बजावतो. धाकटा पुरू तेवढा होकार देतो. सहस्र वर्षांनंतर ययाति त्याचे तारुण्य त्याला परत करतो, त्याला सिंहासनावर बसवितो आणि वनात जातो. उत्तराधिकाराची कसोटी येथे जन्मक्रम नाही, पराक्रम नाही, राज्यकारभारातील नैपुण्यही नाही. आपल्या वाट्याची वर्षे वडिलांच्या स्वाधीन करण्याची तयारी, एवढीच ती कसोटी आहे. राजा वृद्ध असणे हा दोष नव्हे. आज्ञाधारकपणाच्या मोबदल्यात उद्याचे राज्य देऊ करणे, हा दोष होय.

पुरूच्या वंशात हा व्यवहार पुन्हा घडतो. शंतनूच्या विवाहासाठी देवव्रत सिंहासन आणि संसार या दोहोंवर पाणी सोडतो. तोच पुढे पितामह भीष्म होऊन कुरुक्षेत्रावर पहिले दहा दिवस कौरवांचे सेनापतिपद भूषवितो. उलट ज्याने नकार दिला त्या यदूच्या कुळात श्रीकृष्णाचा जन्म होतो. आज्ञापालनाला राज्य आणि नकाराला निर्वासन, या न्यायाची परीक्षा महाभारत अशी पिढ्यान्‌पिढ्या घेत जाते.

वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ या १९५९ च्या कादंबरीने ही कथा मराठी वाचकाच्या मनात कायमची रुजविली. तिला १९६० चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. पुढे खांडेकर १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी झाले. भोगलोलुप आधुनिक मनुष्याचे प्रतिबिंब त्यांना ययातीत दिसले, आणि त्या दृष्टीने कादंबरीची रचना सुसंगत आहे. परंतु तिचे निवेदक तीन आहेत: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. पुत्राला त्यांत स्थान नाही. तारुण्य ज्याचे गेले त्याची बाजू वाचकापर्यंत पोहोचते ती घेणाऱ्याच्या पश्चात्तापातून किंवा आईच्या व्यथेतून. सिंहासनाचा प्रश्न त्यामुळे अंतःपुरात मिटतो.

गिरीश कर्नाडांचे ‘ययाति’ हे कन्नड नाटक १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. नाटककार तेव्हा पंचविशीही ओलांडलेला नव्हता, आणि त्याची दृष्टी साहजिकच देणाऱ्याकडे वळली. चित्रलेखा, म्हणजे पुरूची पत्नी, ही कर्नाडांची निर्मिती. पित्यापुत्रांमधील देवघेवीत तिचे आयुष्यही दिले जाते, आणि तिला कोणी विचारलेले नसते. तिच्या आत्मनाशानंतरच ययाति आपली जरा परत घेतो. त्यागाचे पुण्य एकाच्या पदरी आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या माथी, हे कर्नाडांनी ओळखले. तरीही चित्रलेखेचे दुःख नाटकात कुटुंबाचेच राहते. राज्यातील असंख्य चित्रलेखांपर्यंत ते पोहोचत नाही.

दोन्ही कृतींत जे मागे पडले ते मूळ कथेत आहे. पुरूला अभिषेक होण्याच्या वेळी ब्राह्मण आणि प्रजाजन राजाला प्रश्न करतात: ज्येष्ठ यदूला डावलून कनिष्ठाला राज्य कसे? ययातीला उत्तर द्यावे लागते. प्रजेची संमती घेतली जाते, पण ती सर्व काही ठरल्यानंतर. राजाने केव्हा निवृत्त व्हावे, हे मात्र प्रजेने विचारलेले नाही. तो निर्णय सर्वस्वी राजाच्या वैराग्यावर सोपविलेला आहे.

स्वतंत्र भारतातही हा प्रश्न बराचसा तसाच आहे. संविधानाने लोकसभेसाठी २५, राज्यसभेसाठी ३० आणि राष्ट्रपतिपदासाठी ३५ वर्षे ही किमान वयोमर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ६५ व्या वर्षी निवृत्त केले. राज्यकर्त्याला कमाल मर्यादा घातली नाही. १९७४ मध्ये बिहारच्या विद्यार्थ्यांनी आंदोलन उभारले आणि सत्तरी ओलांडलेल्या जयप्रकाश नारायणांना नेतृत्वासाठी पाचारण केले. १९७७ च्या विजयानंतर नेता निवडण्याचे काम ७४ वर्षांचे जयप्रकाश आणि ८८ वर्षांचे आचार्य कृपलानी यांच्याकडे आले. पंतप्रधान झाले ८१ वर्षांचे मोरारजी देसाई. या सरकारने १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या अधिकारांना आवर घातला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण ज्येष्ठांच्या आपसांतील स्पर्धेत ते १९७९ च्या जुलैत कोसळले. येथे तरुणांवर कोणी सक्ती केली नव्हती. त्यांनी आपली वर्षे आपखुशीने दिली होती. पुरूनेही तसेच केले होते.

म्हणून या कथेच्या पुढील लेखकापुढे एक वाट मोकळी आहे. ययातीचा पश्चात्ताप पुष्कळ लिहिला गेला आणि पुरूचा त्यागही. नकार देऊन राज्याबाहेर गेलेला यदु, आणि अभिषेकाच्या मंडपात उशिरा प्रश्न विचारणारा प्रजाजन, हे दोघे अद्याप पुरेसे बोललेले नाहीत. प्रजासत्ताकाच्या साहित्याने ज्यांचे म्हणणे आधी ऐकावयास हवे होते, ते हेच दोघे होत.